आर्किटेक्चरचं पहिलं वर्ष : मुलं गप्प का बसतात आणि त्यांना विचाराला कसं लावायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लातूर भागातल्या एका कॉलेजात तुम्ही नुकत्याच शिकवायला लागलात. पहिल्या वर्षाला चाळीस मुलं आहेत, बरीचशी मराठी माध्यमातली. तुम्ही शिकवता, ती लिहून घेतात, काही विचारलं की माना खाली. स्टुडिओत जो तो शीट घेऊन येतो आणि "मॅडम, हे बरोबर आहे का?" एवढंच विचारतो. सबमिशनला पिंटरेस्टवरून उचललेले प्लॅन येतात. एका कार्यशाळेत तुम्ही ॲक्टिव्ह लर्निंगच्या पद्धती शिकून आलात, 'आधी विचार करा, शेजाऱ्याशी बोला, मग वर्गाला सांगा' हा प्रकार करून पाहिला, पण नुसता गलका झाला आणि सिलॅबस मागे पडला. या पद्धती आपल्याकडच्या मुलांना लागू पडतात का, आणि पडत असतील तर सुरुवात कुठून करायची, असं तुम्ही विचारलंय.

लागू पडतात. मी मराठवाड्यातच प्रॅक्टिस सांभाळून बरीच वर्षं पहिल्या वर्षाला शिकवतोय, त्या अनुभवावरून सांगतो. मात्र तुमची खरी अडचण मुलांच्या गप्प बसण्यात आहे असं मला वाटत नाही. "बरोबर आहे का" हे ती तुम्हाला विचारतात, अडचण तिथे आहे. जिना चढायला सोपा आहे का, हे जिन्याला विचारता येतं. भिंत उभी राहील का, हे विटांना विचारता येतं. पण बारावीपर्यंत त्यांना उत्तर नेहमी समोरच्या माणसाकडून किंवा चार पर्यायांमधून मिळालेलं असतं. तुमच्याकडे तर लातूर पॅटर्नमध्ये तयार झालेली मुलं असणार. त्या पॅटर्नला नावं ठेवायची फॅशन आहे, मला ती पटत नाही. रोज टेस्ट देणं, चुकलेलं परत सोडवणं, तासन्‌तास एका जागी बसणं ही ताकद त्या मुलांच्या अंगी असते आणि स्टुडिओला तीच लागते. फक्त त्यांना अजून असा प्रश्न भेटलेला नसतो, ज्याचं उत्तर आन्सर-कीमध्ये नाही.

दुसरं म्हणजे, आर्किटेक्चरच्या शिक्षणात एक मोठा गैरसमज आहे. स्टुडिओ आहे, मॉडेल आहे, हात चालू आहेत, म्हणजे आपलं शिकवणं आपोआप ॲक्टिव्ह झालं असं आपण धरून चालतो. चार तास मान मोडून केलेलं शीट पूर्ण निष्क्रिय असू शकतं. पुस्तकातला इंग्लिश बाँड (विटा रचायची एक पद्धत) ट्रेस करताना मुलाचा हात चालतो, पण त्यात त्याने एकही निर्णय घेतलेला नसतो. म्हणून मी स्वतःपुरती कसोटी ठरवून घेतली आहे: या तासात मुलाने स्वतःच्या जबाबदारीवर एखादा अंदाज बांधला का, आणि तो चुकला की बरोबर निघाला, हे त्याला माझ्याशिवाय दुसऱ्या कशातून तरी कळलं का? दोन्ही झालं असेल तर तो तास कामी आला, मग त्यात कोणी एक शब्द बोललं नसलं तरी चालेल.

यासाठी पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाकडे एक साधी दोनशे पानी वही असते. आम्ही तिला अंदाजवही म्हणतो. नियम एकच. काहीही मोजायच्या, बांधायच्या किंवा उघडून बघायच्या आधी अंदाज पेनने लिहायचा. पेन्सिलने नाही. त्यानंतर प्रत्यक्ष काय निघालं ते, आणि दोन्हींत फरक का पडला याची एक ओळ. दाराची रुंदी, बाकाची उंची, जिन्याची पायरी, कँटीनच्या ओट्याची खोली, इथून सुरुवात. अंदाज पेनने लिहिलेला असला की "मला माहीतच होतं" म्हणायची सोय राहत नाही, आणि फरक डोळ्यांसमोर आला की तो आकडा लक्षात राहतो. राहत्या घराच्या जिन्याची पायरी १९० मिमीपेक्षा उंच आणि २५० मिमीपेक्षा अरुंद नको, हे नॅशनल बिल्डिंग कोडमधलं वाक्य फळ्यावर लिहिलं तर परीक्षेपर्यंत टिकतं. तेच मुलांनी आपल्या गावातल्या वाड्याचा दगडी जिना मोजून आणला, २५०-२८० मिमी उंचीची पायरी चढताना आजी भिंतीला हात का लावते हे पाहिलं, की कोड कशासाठी आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

आता एक धडा जरा तपशिलात सांगतो, कारण पहिल्या वर्षाची निम्मी गाडी इथेच अडते. प्लॅन म्हणजे काय? मुलं व्याख्या घडाघडा म्हणतात: इमारत जमिनीपासून साधारण १.२ मीटरवर आडवी कापली आणि वरून पाहिलं तर जे दिसतं ते. तरीही त्यांच्या प्लॅनमध्ये व्हेंटिलेटर ठळक रेषेत असतो, टेबल भिंतीइतकं जाड असतं आणि जिना खालपासून वरपर्यंत सलग दाखवलेला असतो. मी व्याख्या सांगतच नाही. आधी सगळ्यांनी आपल्याच स्टुडिओचा प्लॅन, आहे त्या जागी बसून, आठवणीने काढायचा. मग सुतळीचा एक बिंडा आणि चिकटपट्टी द्यायची. दोघादोघांनी मिळून फरशीपासून १.२ मीटरवर, सगळ्या भिंतींवरून, खिडक्यांवरून, खांबांवरून ती सुतळी सरळ फिरवून आणायची. दारात ती आडवी येते, वाकून जावं लागतं, हे होऊ द्यायचं.

त्यानंतर प्रत्येकाने सुतळीच्या कडेने हात फिरवत खोलीला एक फेरी मारायची आणि बोट जिथे भिंतीला लागतं तिथे प्लॅनमध्ये ठळक रेष द्यायची. बोट खिडकीच्या काचेवरून गेलं, म्हणजे खिडकी कापली गेली. व्हेंटिलेटर डोक्याच्या वर राहिला, सुतळीने त्याला शिवलंच नाही, म्हणजे तो तुटक रेषेत. टेबल ७५० मिमीचं, सुतळीच्या खाली, म्हणून दिसतं पण कापलं जात नाही, पातळ रेषेत. मग सगळे जिन्यापाशी. सुतळी जिन्याला कितव्या पायरीवर कापेल? आधी वहीत आकडा. पायरी १५० मिमीची असेल तर आठव्या, कारण आठ गुणिले १५० म्हणजे १२००. तिथेच जिना कापला गेल्याचं दाखवणारी ती तिरकी ब्रेक लाइन येते. आतापर्यंत ती त्यांच्यासाठी पुस्तकातली नक्षी होती. ही सुतळी आठवडाभर तशीच राहू द्या. कोणाचाही प्लॅन चुकला तर "सुतळीपाशी जाऊन ये" एवढंच सांगायचं. तो जाऊन येतो आणि स्वतःच खोडून दुरुस्त करतो. तुम्ही विचारलेल्या "बरोबर आहे का" वर माझ्याकडे असलेलं सगळ्यात स्वस्त उत्तर म्हणजे ही सुतळी.

बिल्डिंग कन्स्ट्रक्शनमध्ये तेच काम विटा करतात. चौघांच्या गटाला साधारण बत्तीस विटा लागतात. चार विटा लांब, एक वीट जाड, चार थर, मसाला अजिबात नाही. कॉलेजच्या आवारात कुठे ना कुठे काम चालू असतंच, विटा उसन्या मिळतात. इंग्लिश बाँडचं चित्र दाखवायचं नाही, फक्त अट सांगायची: एक थर लांबीच्या बाजूने, त्यावरचा थर डोक्याच्या बाजूने, आणि उभ्या सांध्यावर उभा सांधा येऊ द्यायचा नाही. मुलं भराभर रचतात. मग खडू घेऊन जिथे जिथे सांध्यावर सांधा आलाय तिथे खूण करायला सांगायचं. डोक्याच्या थरातला दर दुसरा सांधा खालच्या सांध्यावर बरोबर बसलेला असतो. विटा सरकवून बघतात, टोकाला भोक पडतं. अर्धी वीट लावून बघतात, तरी तेच. शेवटी एखादा गट वीट लांबीत चिरून तिची अर्ध्या रुंदीची पट्टी टोकाच्या विटेशेजारी घालतो आणि सगळे सांधे एकदम सुटतात. क्वीन क्लोजर हे नाव मी तेव्हा सांगतो. गरज आधी आणि नाव नंतर, हा क्रम मी कधीच मोडत नाही.

या तासाला शक्य असेल तर एखादा गवंडी बोलवा, आणि त्याचा मान राखून, त्याच्या वेळेचे पैसे देऊन बोलवा. त्याला भाषण करायला सांगू नका. त्याने फक्त रचलेल्या भिंतींसमोरून फिरायचं आणि प्रत्येक गटाला एकेक प्रश्न विचारायचा. "हा कोपरा गुण्यात आहे का, कसं बघितलं?" म्हणजे काटकोनात आहे का, हा गवंड्याचा नेहमीचा प्रश्न. मुलं सेटस्क्वेअर काढतात. तो दोरीने तीन-चार-पाच मोजून दाखवतो. पायथागोरसचा सिद्धांत दहावीत पाठ केलेला असतो, पण जमिनीवर पहिल्यांदा इथे भेटतो.

ड्रॉइंग कशासाठी असतं हे शिकवायला अदलाबदल हा एक सोपा प्रकार आहे. प्रत्येकाने आंघोळीच्या साबणाच्या वडीतून एक छोटी वस्तू कोरायची, पायऱ्या, खाच, एखादं आरपार भोक असलेली. तिचा प्लॅन, सेक्शन (उभा छेद) आणि दोन एलिव्हेशन (बाहेरून दिसणाऱ्या बाजू) काढायची. वस्तू पिशवीत बांधून ठेवायची आणि ड्रॉइंग दुसऱ्याला द्यायचं. त्याने फक्त ड्रॉइंग पाहून दुसऱ्या साबणातून तीच वस्तू करायची. मग दोन्ही शेजारी ठेवायच्या. फरक निघाला की वाद होतो आणि तो वाद ड्रॉइंगवर होतो: "तू भोकाची खोली लिहिलीच नाहीस", "सेक्शन लाइन कुठून गेली ते दाखवलं नाहीस". तुटक रेषा राहिली म्हणून मी लाल पेनने गोल केला तर मूल नाराज होतं. मित्राची वस्तू आपल्यामुळे चुकली तर पुढच्या वेळी रेषा राहत नाही.

थिअरीच्या तासाला सगळं बांधून दाखवता येत नाही, हे मान्य. तिथे हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९० च्या दशकात रूढ केलेली पद्धत चांगली चालते. एक नेमका प्रश्न, तीन पर्याय, प्रत्येकाने एकट्याने उत्तर ठरवायचं आणि सगळ्यांनी एकाच वेळी छातीपाशी बोटं धरून दाखवायचं. साधारण तीस ते सत्तर टक्के मुलं बरोबर असतील तरच शेजाऱ्याला पटवून द्यायला दोन-तीन मिनिटं द्यायची आणि परत मत घ्यायचं. बहुतेक सगळे बरोबर असतील तर चर्चेत वेळ घालवू नका. बहुतेक चुकले असतील तर चर्चेने चूकच पक्की होते, तिथे तुम्हीच समजावून सांगा. तुमच्या वर्गात गलका झाला तो माझ्या अंदाजाने यामुळेच. प्रश्न इतका मोकळा असेल की उत्तर आधी ठरवताच येत नाही, तर मुलं शेजाऱ्याशी क्रिकेटवर बोलणार.

प्रश्न कसा असावा, त्याचा नमुना. खिडकीवरच्या छज्जाच्या सळ्या स्लॅबच्या वरच्या बाजूला, मध्ये की खालच्या बाजूला? पहिल्या मतदानात "खाली" म्हणणारे भरपूर असतात, कारण बीममध्ये सळ्या खाली असतात हे त्यांनी कुठेतरी पाहिलेलं असतं. मग प्रत्येक बाकावर अंघोळीच्या स्पंजचा एक लांबट तुकडा. त्याच्या कडेवर स्केचपेनने एकसारख्या अंतरावर उभ्या रेघा. एक टोक बाकावर वहीखाली घट्ट दाबायचं, दुसरं टोक हवेत, त्यावर बोटाने भार. वरच्या बाजूला रेघा फाकतात, खाली जवळ येतात. काँक्रीट ताणाला कच्चं, म्हणून जिथे रेघा फाकल्या तिथे सळई. दुसरं मतदान घ्या. त्यानंतर मी विचारतो, छज्जा भरताना मजूर त्या जाळीवर उभा राहून ती खाली दाबतो तेव्हा काय होतं? आपल्याकडे किती तरी छज्जे असेच लोंबतात, आणि पहिल्या वर्षाचं मूल ते कारण सांगू शकतं. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, कारण उद्या साइटवर चेअर (सळ्या वर धरून ठेवणारे आधार) लावल्या आहेत का हे तेच पाहणार आहे.

तुम्ही लातूर भागात आहात, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप तुमच्या मुलांच्या जन्माआधीचा, पण अनेकांच्या घरात तो अजून बोलला जातो. इतके लोक का गेले, हा बांधकामाचा प्रश्न आहे आणि तो पहिल्या वर्षातच यायला हवा. जाड दगडी भिंती, आतला आणि बाहेरचा असे दोन वेगळे पदर, मध्ये माती आणि बारीक दगडांची भर, वर माळवदाचा मातीचा जड थर. दोन पदरांना बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हते. हे वाचून दाखवण्याऐवजी एक फळी दोन गोल सळयांवर ठेवा, म्हणजे ती पुढे-मागे हलते. त्यावर एका टोकाला हातभर लांब, वीतभर उंच, दोन पदरांची दगड-मातीची छोटी भिंत. दुसऱ्या टोकाला तशीच भिंत, पण मध्ये मध्ये पूर्ण जाडीतून जाणारे लांब दगड घातलेली. दोन्हींवर मातीच्या सारख्या वजनाच्या पिशव्या. आधी वहीत लिहायचं: कोणती आधी जाईल, कुठून जाईल, आत पडेल की बाहेर? मग फळी हलवायची. पहिल्या भिंतीला पोट येतं, बाहेरचा पदर सुटतो, आणि वरची पिशवी खाली येते. भूकंपसुरक्षेच्या भारतीय मानकांमध्ये आरपार दगड उंचीत दर ६०० मिमीला आणि लांबीत जास्तीत जास्त १.२ मीटरवर का मागितलेत, हे त्यानंतर वाचायचं.

इथे दोन काळज्या घ्या. एक, ही फळी म्हणजे चाचणी नव्हे. इतक्या छोट्या भिंतीवरून खऱ्या भिंतीच्या ताकदीचा आकडा काढता येत नाही. ती कशी मोडते एवढंच दिसतं, आणि हे मुलांना स्पष्ट सांगायला हवं. दोन, वर्गात अशी मुलं असतात ज्यांच्या घरातली माणसं त्या रात्री गेली. आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगून ठेवा, आणि कोणाला घरची आठवण वर्गात मांडायला लावू नका. कोणी आपणहून आजोबांना विचारून आलं, जुनं घर कसं होतं, पुनर्वसनाच्या नव्या गावात गेल्यावर त्यांनी घराला काय काय जोडून घेतलं, तर त्याला हवा तेवढा वेळ द्या. माळवदाच्या घराबद्दल शहरातल्या मुलाला जे ठाऊक नसतं ते गावाकडच्या मुलाला हाताने ठाऊक असतं. पांढरी माती दर पावसाळ्याआधी का टाकायची, सानं (छतातलं उजेडाचं भोक) कुठे ठेवायचं, उन्हाळ्यात दुपारी कोणत्या खोलीत निजायचं. वर्षभर मागच्या बाकावर बसणारी मुलगी इथे सलग दहा मिनिटं बोलताना मी पाहिली आहे.

त्यावरून भाषेचं. मुलांना मराठीत वाद घालू द्या, आणि संभाजीनगरसारख्या ठिकाणी दखनीतही. शीटवर आणि परीक्षेत शब्द इंग्रजी लागतात, ते लागतीलच. पण तर्क इंग्रजीत करायला लावलात तर चांगलं इंग्रजी येणारी चार मुलं तुमचा वर्ग चालवतील आणि तुम्हाला वाटेल की बाकीच्यांना काही कळत नाही.

स्टडी टूरबद्दल थोडक्यात सांगतो. वेरूळला जाऊन गाइडसारखं भाषण करायचं आणि मुलांनी फोटो काढायचे, यातून फार काही हाती लागत नाही. कैलास लेण्यासमोर एकच प्रश्न पुरे: पहिला घाव कुठे पडला असेल? वहीत लिहा आणि मग पुरावा शोधा. मागे ३० मीटरहून उंच तासलेला कडा उभा आहे, मंदिर त्या खड्ड्यात एकसंध खडकाचं आहे, बाहेरून आणलेला चिरा नाही. म्हणजे शिखर आधी आणि पाया शेवटी. वर चुकलेलं खाली दुरुस्त करता येणार नाही, मग आठव्या शतकातल्या त्या कारागिरांना सेक्शन आधीच डोक्यात किती पक्का असायला हवा होता? सेक्शनवरचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. बीबीका मकबऱ्यात सांगायचं, संगमरवर कुठे संपतो ती रेषा एलिव्हेशनवर काढा. पायथ्याचा पट्टा आणि घुमट संगमरवराचा, मधलं बरंचसं काम बेसॉल्टचं, वर गिलावा. हात लावून, जवळ जाऊन पाहिल्याशिवाय ती रेष काढताच येत नाही. वेरूळ लांब पडत असेल तर गावातली बारव घ्या, गढी घ्या. मराठवाड्यात त्यांची वाण नाही.

क्लायमेटसाठी कुठे जायचीही गरज नाही. २१ डिसेंबरच्या सुमारास साडेबाराच्या आसपास गच्चीवर एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करा. सावली लातूरला ९० सेंमीच्या आणि संभाजीनगरला ९४ सेंमीच्या जवळपास येते. आधी अंदाज. मग त्याच कोनावरून दक्षिणेच्या खिडकीचा छज्जा किती बाहेर काढला तर थंडीतलं ऊन आत येईल, हे मुलांना काढू द्या.

आता स्टुडिओतल्या टेबलावरच्या चर्चेकडे येतो. तुमचा बहुतेक वेळ तिथेच जातो. चाळीस मुलं, समजा दोघं शिक्षक, चार तास. प्रत्येकाच्या वाट्याला दहा-बारा मिनिटं येतात आणि उरलेले पावणेचार तास तो आपल्या नंबरची वाट बघतो. मी तीन गोष्टी पाळतो. पहिली, माझ्याकडे येताना दोन पर्याय आणायचे. एकच प्लॅन आणला तर मी परत पाठवतो. दोन असले की "बरोबर आहे का" विचारताच येत नाही, "यातला हा मला का बरा वाटतो" हे सांगावं लागतं, आणि पिंटरेस्टवरून उचललेला प्लॅन तिथेच उघडा पडतो, कारण त्याचा दुसरा पर्याय मुलाकडे नसतो. दुसरी, माझ्याकडे येण्याआधी शेजाऱ्याकडून एक चिठ्ठी आणायची: या घरात शिरल्यावर मला आधी काय दिसलं, कुठे अडलो, कुठे थांबावंसं वाटलं. छान, मस्त, सुंदर हे शब्द चिठ्ठीत चालत नाहीत. तिसरी, मुलाच्या शीटवर मी पेन्सिल टेकवत नाही. शिक्षकाने एक रेष मारली की त्या दिवसापासून ते डिझाइन शिक्षकाचं होतं, आणि पहिल्या वर्षाचं मूल ती रेष कधीच खोडत नाही. अगदीच काही दाखवायचं असेल तर वेगळ्या ट्रेसिंगवर, आणि तो कागद मी माझ्याकडे ठेवतो.

या सगळ्यात बरंच काही परिस्थितीवर आहे, ते लपवत नाही. ॲडमिशनच्या फेऱ्या लांबल्या आणि निम्मी मुलं टर्म अर्धी झाल्यावर आली, तर विटांचा तास उशिरा घ्यावा लागेल, पण सुतळी आणि अंदाजवही सोडू नका. शिक्षक एकटाच असेल तर एका आठवड्यात असा एकच धडा पुरे. गट सहा जणांचा करू नका, दोघं काम करतात आणि चौघं मोबाइल धरतात. दोघांचा गट सर्वांत चांगला, विटांना चौघांचा. एसटीने येणाऱ्या मुली पाचची गाडी धरतात, तेव्हा मांडामांड आणि आवराआवर वेळेत बसवा. मार्च-एप्रिलचं ऊन लक्षात घेऊन बाहेरची कामं सकाळी. आणि काही भाग सरळ शिकवूनच होतो: लेटरिंग, स्केल, रेषांचे जाड-पातळपणे, पर्स्पेक्टिव्ह मांडायची रीत. हे शोधून काढायला लावण्यात मुलांचा वेळ जातो. तुम्ही करून दाखवा, त्यांनी गिरवावं, यात कमीपणा नाही.

खर्चाचीही चिंता नको. जर्मनीतल्या बाउहाउस या डिझाइनच्या शाळेत योझेफ आल्बर्स नवख्या विद्यार्थ्यांना वर्तमानपत्रं द्यायचे आणि कात्री-डिंकाच्या भानगडीत न पडता कागदाच्याच गुणातून काहीतरी उभं करायला सांगायचे. किराणा दुकानातली खोकी, रद्दी आणि सुतळी यांवर पहिली टर्म निभते. महागडा माउंटबोर्ड दिला की मुलं कापायला घाबरतात, आणि मॉडेल हे विचार करायचं साधन न राहता सबमिशनची वस्तू होतं.

मार्कांचं मात्र काटेकोर ठरवा. टर्मवर्कच्या मार्कांतला थोडा भाग अंदाजवहीला द्या, पण तो वही नियमित लिहिण्याला आणि फरकाचं कारण शोधण्याला, अंदाज बरोबर येण्याला नाही. चुकलेल्या अंदाजाचे मार्क कापलेत तर मुलं आधी मोजतील आणि मग अंदाज लिहितील. वही तिथेच मेली म्हणून समजा.

मुलांकडून आणि कधी कधी पालकांकडूनही तक्रार येईल, "मॅडम शिकवतच नाहीत, आम्हालाच करायला लावतात." ही तक्रार मनाला लावून घेऊ नका आणि झटकूनही टाकू नका. हार्वर्डमध्येच भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात स्वतः डोकं चालवावं लागलेल्या मुलांनी चाचणीत जास्त गुण मिळवले, पण आपण कमी शिकलो असं त्यांनाच वाटलं. गुळगुळीत लेक्चर ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं. झगडताना वाटत नाही. त्याआधी २०१४ मध्ये विज्ञान-अभियांत्रिकीतल्या २२५ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला होता. त्यात नुसत्या लेक्चरच्या वर्गांत नापासांचं प्रमाण सरासरी ३३.८ टक्के होतं आणि ॲक्टिव्ह लर्निंगच्या वर्गांत २१.८ टक्के. ते वर्ग आर्किटेक्चरचे नव्हते, तरी प्राचार्यांशी बोलताना हे आकडे उपयोगी पडतात. मुलांना मात्र आकड्यांपेक्षा त्यांचीच वही दाखवा: पहिल्या आठवड्यात दाराच्या उंचीचा अंदाज किती चुकला होता आणि आता किती चुकतो.

सिलॅबस मागे पडण्याची भीती खरी आहे. सुतळीचा धडा अख्खी दुपार खातो, आणि तीच व्याख्या फळ्यावर पाच मिनिटांत होते. पण ती दुपार दिली की पुढच्या शीटांवर प्लॅन दुरुस्त करण्यात जाणारा वेळ वाचतो. तुमच्याकडे नेमकं किती वाचतो ते तुमच्या बॅचवर ठरेल.

सुरुवात या सोमवारी अंदाजवहीपासून करा. त्याच आठवड्यात सुतळी. पुढच्या सबमिशनपासून दोन पर्यायांचा नियम लावा आणि तो कोणासाठीही सैल करू नका. विटा, स्पंज आणि भूकंपाची फळी तुमच्या सहकाऱ्यांशी बोलून टर्ममध्ये बसतील तिथे बसवा. टाइमटेबल आणि पहिल्या टर्मचे विषय कळवलेत तर कोणता धडा कोणत्या तासाला बसेल ते पाहून सांगतो.